प्रेमाच्या बाउंडरी कंडिशन्स

हॉस्टेलवर कुठल्याही रूममध्ये रात्री बारानंतर गप्पांची गाडी शेवटी एकाच स्टेशनावर येऊन थांबते. सबमिशन, केटी, कॅम्पस सगळं मागे पडतं आणि कुणीतरी विचारतं, "काय रे, लव्ह की अरेंज?" लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, प्रेम ही ज्याची त्याची वैयक्तिक बाब आहे, त्यात समाजाचा काय संबंध? दुसरी म्हणते, प्रेमबिम हे पिक्चरवाल्यांनी डोक्यात भरवलेलं खूळ आहे, खरं प्रेम लग्नानंतरच. वाद रंगतो, चहा होतो, पण निकाल काही लागत नाही.

निकाल लागत नाही, कारण दोन्ही पार्ट्या अर्धं अर्धं खरं बोलत असतात. एम-थ्रीच्या पेपरात आपण उष्णतावहनाचं समीकरण सोडवतो. समीकरण सगळ्या सळयांना एकच. पण सळईचं टोक बर्फात आहे की भट्टीत, हे सांगितल्याशिवाय उत्तर निघत नाही. त्यालाच आपण बाउंडरी कंडिशन म्हणतो. प्रेमाचंही तसंच आहे. समीकरण निसर्गाचं, बाउंडरी कंडिशन्स समाजाच्या, आणि आयुष्यात जे उत्तर येतं ते दोन्हींचं मिळून. हा लेख त्या बाउंडरी कंडिशन्सबद्दल आहे. उदाहरणं मुद्दाम आपल्या वसई-विरारची आणि महाराष्ट्राची घेतली आहेत.

समीकरण एकच

आधी निसर्गाचा भाग बघू. १९९२ साली विल्यम यानकोविआक आणि एडवर्ड फिशर या दोन अभ्यासकांनी जगातल्या १६६ समाजांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी १४७ समाजांत, म्हणजे सुमारे ८८ टक्के ठिकाणी, त्यांना शृंगारिक प्रेमाचा पुरावा सापडला. म्हणजे प्रेम ही युरोपची किंवा सिनेमाची पैदास आहे, हे म्हणणं टिकत नाही.

२००५ साली अमेरिकेत आर्थर एरॉन, हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांना त्यांच्या प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. मेंदूतला जो भाग बक्षिसाशी आणि डोपामाइनशी जोडलेला आहे, तो जागा झाला. २०११ मध्ये हाच प्रयोग चीनमधल्या १८ जणांवर झाला. चित्र बरंचसं तसंच आलं. संस्कृती वेगळी, भाषा वेगळी, पण आतलं वायरिंग एकच.

आता तिसरा प्रयोग, आणि तो तर पुलावरचा आहे, सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्यावं! १९७४ साली कॅनडात डटन आणि एरॉन यांनी हलणाऱ्या झुलत्या पुलावर तरुण पुरुषांची मुलाखत घ्यायला एक मुलगी उभी केली आणि तिचा फोन नंबर त्यांना देऊ केला. पुलावर नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. जवळच्या भक्कम पुलावर नंबर घेणारे होते १६, त्यांतल्या फक्त दोघांनी फोन केला. छातीत धडधड झाली ती पुलाच्या भीतीने, पण मनाने तिला नाव दिलं आकर्षणाचं! सँपल लहान आहे, तेव्हा या प्रयोगावर इमारत बांधू नये. पण मुद्दा कळतो. शरीर फक्त सिग्नल देतं, सिग्नलला नाव आपण देतो. आणि ही नावं आपण कुठून आणतो? आपल्या भाषेतून, आपल्या घरातून.

नावं ठेवणारी भाषा

मराठीत या एका भावनेला किती शब्द आहेत बघा. जीव लागणे, जीव जडणे, माया, लोभ हे सगळे घरात चालणारे शब्द. पत्राच्या शेवटी "लोभ असावा" असं लिहायला कुणाला संकोच वाटत नसे. पण तीच भावना एखाद्या मुला-मुलीच्या बाबतीत गल्लीत कळली की शब्द बदलतात. मग ते "प्रकरण" होतं, "भानगड" होते, "लफडं" होतं. प्रकरण पोलिसांत असतं, भानगड कोर्टात असते. म्हणजे दोघांनी एकमेकांना अजून काही सांगितलेलंही नसतं, तोवर भाषेने त्यांना आरोपी करून ठेवलेलं असतं.

दुसरी गंमत क्रियापदांची. आपल्याकडे लग्न "ठरतं", "जमतं", "जुळतं". कोणी ठरवलं? वाक्यात कर्ताच नाही. आणि स्वतः ठरवलं तर? तर त्याला म्हणायचं "लव्ह मॅरेज". शब्दच बाहेरचा! जणू मराठीत ते झालंच नव्हतं. उखाण्याचं बघा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असा दंडक, म्हणून ते यमकात दडवून घ्यायचं. चारचौघांत लाजत-लाजत आपल्या माणसाचं नाव घ्यायला समाजाने ठेवलेली ती एक खिडक होती. ज्या समाजात प्रेम उघड बोलायला जागा नसते, तो समाज अशा फटी तयार करतो. जात्यावरच्या ओव्याही तशाच. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. घरातली बाई जे सासूसमोर बोलू शकत नव्हती, ते ती पहाटे जात्याला सांगत होती.

आजी-आजोबांच्याही आधी

"आपल्या संस्कृतीत हे असलं नव्हतं" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण कुठली संस्कृती, कुठल्या सालातली? सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली "गाथासप्तशती" ही मराठीच्या आजीच्या भाषेत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्यात सुमारे सातशे गाथा आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा प्रेमाच्या. शेतात, नदीकाठी भेटणारे गावातले साधे लोक, आणि बहुतेक वेळा बोलणारी बाई. सातवाहनांच्या काळी आपलं सोपारा, म्हणजे शूर्पारक, हे नावाजलेलं बंदर होतं. म्हणजे नालासोपाऱ्याच्या मातीत प्रेमाची भाषा आयात झालेली नाही, ती इथलीच आहे.

मग मध्ये काय झालं? लग्नाचं वय खाली-खाली येत गेलं. आठ-दहा वर्षांच्या मुलीचं लग्न लावलं की प्रेमाचा प्रश्नच निकालात निघतो. समीकरण सुरू होण्याआधीच बाउंडरी फिक्स! या व्यवस्थेला मुंबईत एका मुलीने उघड आव्हान दिलं. तिचं नाव रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचं दादाजी भिकाजीशी लग्न झालं होतं, पण मोठी झाल्यावर तिने नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. पण अपील झालं आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन! लोकमान्य टिळकांसारखे मोठे नेतेही त्यांच्या विरोधात होते. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत त्यांनी अनेक वर्षं रुग्णसेवा केली.

या खटल्याने पेटलेल्या वादातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचं किमान वय १४ केलं, १९७८ मध्ये ते १८ आणि मुलाचं २१ झालं. आपल्यापैकी प्रत्येक मुलगी आज हॉस्टेलवर राहून शिकू शकते, तिला "आवडणं" आणि "न आवडणं" यासाठी काही वर्षं मिळतात, ती या बदलामुळे. प्रेमासाठी वेळ लागतो, आणि हा वेळ कायद्याने आणि शिक्षणाने मिळवून दिलेला आहे.

आपल्याच तालुक्यात तीन जगं

आता लांब जायची गरज नाही. विरार स्टेशनवर उतरा. पश्चिमेला आगाशी-अर्नाळ्याकडे, दक्षिणेला वसईगावाकडे आणि पूर्वेला डोंगराकडे गेलात की तीन वेगळ्या बाउंडरी कंडिशन्स भेटतील.

पहिलं जग वसईच्या ख्रिस्ती गावांचं. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं वसई पोर्तुगिजांकडे होती. १५६३ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने लग्नाचे नियम घालून दिले. लग्नाआधी तीन वेळा चर्चमध्ये नावं जाहीर करायची, लग्न धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर लावायचं. पण त्याच परिषदेने हेही मान्य केलं की लग्न होतं ते वधू-वरांच्या संमतीने. आईबापांनी नाही म्हटलं तरी लग्न रद्द ठरत नाही. कागदावर केवढं स्वातंत्र्य! आणि प्रत्यक्षात? धर्म बदलला तरी सामवेदी, वाडवळ, कोळी ही ओळख राहिली आणि सोयरीकही बराच काळ आपापल्यातच होत राहिली. लग्नातली गाणी, मांडव, उंबराचं पाणी हेही राहिलं. म्हणजे नियम एका संस्कृतीचे, रीत दुसऱ्या संस्कृतीची, आणि त्या दोन्हींच्या मध्ये मुलगा-मुलगी.

दुसरं जग पूर्वेच्या पाड्यांचं. वारली लग्नात चौक लिहिला जातो, पालघट देवी मांडली जाते आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई! मुलीच्या बापाला देज दिलं जातं. अनेक जोडपी आधी एकत्र संसार सुरू करतात आणि पैसे जमले की नंतर कधीतरी विधी करतात. सामूहिक विवाह सोहळ्यात तर मुलाबाळांसकट आईबाप बोहल्यावर उभे असतात. शहरात ज्याला "लिव्ह-इन" म्हणून नाकं मुरडतात, ते तिथे साध्या गरजेतून आलेलं आहे आणि पाडा त्याला संसारच मानतो.

पण याच जगात प्रेमाची किंमत किती भयानक असू शकते, हेही दिसलं. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला "लग्नगडी" म्हणत. लग्न केलं म्हणून गुलाम! गोदावरी परुळेकरांनी "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात हे लिहिलं आहे. १९४५ पासून तलासरी-डहाणू भागात वारल्यांनी जो लढा दिला, त्यात ही पद्धत मोडून निघाली. हा आपल्या पालघर जिल्ह्याचा इतिहास आहे. लग्नाच्या खर्चाला "हौस" म्हणताना तो आठवावा.

तिसरं जग आपलं, लोकलचं. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली आणि हळूहळू मुंबईत घर न परवडणारे लोक इकडे आले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. कोकणातला, घाटावरचा, उत्तर प्रदेशातला, गुजरातचा, केरळचा, सगळे एकाच बिल्डिंगमध्ये. गावात सोयरीक जमवणारे मामा-काका इथे शेजारी नाहीत. पण वन-रूम-किचनमध्ये सहा माणसं, मग दोघांनी बोलायचं कुठे? वसईचा किल्ला, सुरुची बाग, अर्नाळ्याचा किनारा, प्लॅटफॉर्मचं टोक. आपल्याकडे एकांत घरात मिळत नाही, गर्दीत मिळतो. आणि म्हणूनच तिथे कुणी हटकलं, व्हिडिओ काढला, की जोडपी घाबरतात. ज्याच्या घरात स्वतंत्र खोली आहे त्याचं प्रेम "रिलेशनशिप" आणि ज्याच्या घरात नाही त्याचं "चाळे"? हा फरक चारित्र्याचा नाही, कार्पेट एरियाचा आहे.

आकडे काय सांगतात

१९९५ मध्ये रॉबर्ट लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अकरा देशांतल्या कॉलेजच्या मुलामुलींना एक प्रश्न विचारला. तुम्हाला हवे ते सगळे गुण एखाद्यात आहेत, पण तुमचं त्याच्यावर प्रेम नाही, तर लग्न कराल का? भारतातल्या ४९ टक्के मुलामुलींनी "हो" म्हटलं, पाकिस्तानात साधारण तितक्याच. अमेरिकेत साडेतीन टक्के.

"बघा, आपली संस्कृती!" असं म्हणायची घाई करू नका. १९६७ साली अमेरिकेतच असाच प्रश्न विचारला होता, तेव्हा "प्रेम नसेल तर लग्न नाही" असं स्पष्ट म्हणणाऱ्या मुली फक्त २४ टक्के होत्या, मुलगे ६५ टक्के. १९८४ पर्यंत दोघांचंही प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास गेलं. सतरा वर्षांत मुलींचं मन बदललं की परिस्थिती? अभ्यासकांनी सुचवलेलं एक कारण असं की बायका कमवायला लागल्या. पोटासाठी लग्न करायची सक्ती सुटली की माणूस मनासाठी लग्न करायचं म्हणतो. चर्चगेटहून १९९२ मध्ये सुरू झालेली लेडीज स्पेशल पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. त्या गाडीने कामाला जाणाऱ्या हजारो बायकांनी या भागातल्या लग्नाच्या अटी किती बदलल्या असतील, याचा विचार करून बघा.

मात्र काही अटी हलता हलत नाहीत. भारतीय मानव विकास सर्वेक्षणानुसार आपल्या देशात आंतरजातीय लग्नं जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास आहेत. प्यू संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आपल्या समाजातल्या बायकांनी दुसऱ्या धर्मात लग्न करण्यापासून त्यांना रोखणं फार महत्त्वाचं आहे असं ६७ टक्के हिंदूंनी आणि ८० टक्के मुस्लिमांनी सांगितलं. ख्रिस्ती लोकांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. प्रश्नातला "रोखणं" हा शब्द लक्षात घ्या.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये "जातिनिर्मूलन" या न होऊ शकलेल्या भाषणात लिहिलं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, अशा लग्नांना कायद्याची मान्यता दिली होती. या दोघांनाही एक गोष्ट कळली होती. कुणी कुणावर प्रेम करायचं हे ठरवूनच जात जिवंत राहते. म्हणून प्रेम वैयक्तिक असलं तरी समाज त्यात नाक खुपसणारच!

माहीत असायला हवं असं थोडंसं

१९५४ चा विशेष विवाह कायदा धर्म न बदलता लग्न करू देतो. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा हवा, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, तीन साक्षीदार हवेत. आईवडिलांची संमती कायदा मागत नाही. मात्र ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. चर्चमध्ये तीन रविवारी होणारी घोषणा आणि ही नोटीस यांचा हेतू एकच, आधीचं लग्न लपवून कुणी फसवू नये. पण चर्चमधली घोषणा ओळखीच्या गावात होते, आणि ही नोटीस अशा घरांपर्यंतही पोचते जिथून जिवाला धोका असतो. एकाच नियमाचं परिस्थितीप्रमाणे वेगळं उत्तर येतं ते असं.

२००६ च्या लता सिंग खटल्यात आणि २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सज्ञान व्यक्तींच्या लग्नात कुटुंब किंवा पंचायत आडकाठी करू शकत नाही. २०१८ मध्येच समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मात्र न्यायालयाने मान्यता दिली नाही. लग्नावरून वाळीत टाकणाऱ्या जातपंचायतींविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. आणि लग्न न करता एकत्र राहणाऱ्या बाईलाही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण मिळू शकतं.

हा शेवटचा मुद्दा वसईकरांना वेगळा सांगायला नको. २०२२ मध्ये इथल्या एका तरुणीच्या दिल्लीत झालेल्या हत्येच्या बातमीने सगळा देश हादरला. त्यानंतर डिसेंबरमध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. चर्चा झाली ती बहुतेक धर्माची. मारणारं नातं कसं ओळखायचं आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या मुलीला परत यायला दार कोणी उघडं ठेवायचं, याची चर्चा फार कमी झाली. "गेलीस ना? आता मेलीस आम्हाला" हे वाक्य घरोघरी रागाने बोललं जातं. पण त्या वाक्याने मुलीचा परतीचा रस्ता बंद होतो आणि मारणाऱ्याला ते नेमकं माहीत असतं. पालक आणि सर-मॅडम हा अंक वाचत असतील तर त्यांना एवढीच विनंती आहे: नातं मान्य करू नका हवं तर, दार मात्र बंद करू नका.

आपल्यापुरतं काय?

बाउंडरी कंडिशन्स समाजाच्या असल्या, तरी त्या माहीत असणं आपल्या हातात आहे. मित्रांनो, आपल्याला एखादी व्यक्ती आवडते तेव्हा थोडं तपासून बघावं. तिचं आडनाव, रंग, पॅकेज, शुद्ध बोलणं यांतलं काय आपल्याला खरंच आवडतं आणि काय आवडायला शिकवलेलं आहे? "नाही" म्हटलं की पुन्हा पुन्हा मागे लागायचं, हे प्रेम आहे की पिक्चरने शिकवलेला हट्ट? मोबाईलचा पासवर्ड मागणं, कुणाशी बोलायचं ते ठरवणं ही काळजी आहे की मालकी? आणि लग्न अरेंज असलं तरी समोरच्या मुलीला किंवा मुलाला एकांतात एकदा विचारायला हवं, "तुझ्या मनात काय आहे?" कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हा प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. रखमाबाईंना तो कुणी विचारलाच नव्हता.

कुणी अडचणीत असेल तर ११२ हा पोलिसांचा, १८१ हा महिलांचा आणि १४४१६ हा मानसिक आधाराचा नंबर आहे. रूमच्या दारामागे चिकटवून ठेवा. ब्रेक-अप झालेल्या रूम-पार्टनरला "सोड रे, दुसरी मिळेल" एवढं सांगून झोपी जाऊ नका, थोडा वेळ बसा त्याच्याजवळ. हॉस्टेल हाही एक समाजच आहे, आणि त्याच्या अटी तरी आपणच ठरवतो.